मोजा आणि कळवा

नमस्कार श्रोतेहो. लगीनसराई आली, दुकानांत पाय ठेवायला जागा नाही, आणि अशा गर्दीतच माल उचलला जातो. हे काम पुष्कळदा एकट्याचं नसतं. एक बोलण्यात गुंतवतो, दुसरा हात मारतो.

आमच्या पेठेत एका कापडदुकानात घड्या घालायला एक मावशी आहेत. एका दुपारी तिथे चार बायका आल्या, एकीच्या कडेवर तान्हं बाळ. म्हणाल्या, बस्ता बांधायचाय, भारीतल्या साड्या दाखवा. शेठ खूश! गादीवर ढीग वाढत चालला. मग एकीने बाळासाठी पाणी मागितलं, दुसरीने वरच्या फळीवरचा गठ्ठा काढायला लावला. शेठची पाठ फिरली. मावशी मात्र उलगडलेली प्रत्येक साडी मनात मोजतात. वीस उलगडल्या होत्या, घड्या भरल्या एकोणीस. मावशींनी आरडाओरडा केला नाही. बाळाच्या आईला हळूच म्हणाल्या, "अगं बाई, ती हिरवी पैठणी दुपट्यात अडकून चाललीय बघ." साडी गादीवर आली. बायका काही न घेता उठल्या. मावशींनी लगेच शेजारच्या सराफाला आणि भांडीवाल्याला फोन लावले. बायका सराफाच्या पायरीपर्यंत गेल्या, दारात उभी माणसं पाहिली आणि सरळ एसटी स्टँडकडे वळल्या.

म्हणून सांगतो, काढलेला माल मोजा आणि शेजारच्याला कळवा. मोजा आणि कळवा. गल्ल्यावर बसून मोबाइल बघणं तर मला अजिबात पटत नाही. गिऱ्हाईक आलं की तोंड वर करून "या, बसा" म्हणावं, त्यात आपल्या पेठेची रीतही राहते.

आणखी एक, अगदी मनापासून. चोरी झाली की आपला पहिला संशय पालावरच्या माणसांवर जातो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, तरी पारध्याची बाई मीठ-मिरची घ्यायला आली की आपण अजून तिच्या पिशवीकडे बघतो. हे थांबायलाच हवं.

कुणी सापडलंच, तर हात उगारू नका, फोटो ग्रुपवर टाकू नका, ११२ ला फोन लावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच हजारांच्या आतल्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. आणि कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, ते त्याच दिवशी काढून ठेवा.