प्राजक्ताच्या नावाची दासी

तेजपूर. ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठावरचं शहर. असमियात 'तेज' म्हणजे रक्त. हेच बाणासुराचं शोणितपूर, असं इथले लोक सांगतात. बाणाच्या उषेला स्वप्नात अनिरुद्ध दिसला आणि तिच्या सखीनं, चित्रलेखेनं, चित्रं काढून काढून तो शोधला. ही गोष्ट आपल्याकडेही ठाऊक आहे.

असमिया नाटककार आणि चित्रपटकार ज्योतिप्रसाद अगरवाला यांनी तिच्यावर नाटक लिहिलं, ते चौदाव्या वर्षी. 'शोणित कुँवरी'.

जन्म 1903चा, तामुलबारी चहामळ्यातला. पणजोबा राजस्थानातून आलेले. घर मात्र तोवर पुरतं असमिया झालेलं.

1924 साली तेजपूरच्या बाण रंगमंचावर हे नाटक उभं राहिलं. तेव्हा असमिया नाटकांतली गाणी बंगाली नाहीतर हिंदी चालींवर बसवत. ज्योतिप्रसादांनी बिहूच्या, लग्नगीतांच्या घरच्या चाली रंगमंचावर आणल्या. शिवाय नाव उषेचं असलं, तरी नाटककाराचा जीव चित्रलेखेतच अडकलेला दिसतो.

पुढेही तेच. 'कारेंगर लिगिरी', म्हणजे राजवाड्यातली दासी. तिचं नाव शेवाली, आपला प्राजक्त. राजपुत्र आहे, राजमाता आहे, पण नाटकाचा भार या दासीवर. 'लभिता'त तर 1942च्या धामधुमीत सापडलेली साधी खेडवळ मुलगी.

मधल्या काळात एडिंबरा झालं, बर्लिनमध्ये सिनेमाचे धडे झाले, परतल्यावर तुरुंगही झाला. मग भोलागुरीच्या चहामळ्यात स्टुडिओ उभारला. कंपनीचं नाव? चित्रलेखा मूव्हीटोन! 10 मार्च 1935ला पहिला असमिया बोलपट आला, 'जयमती'. कथा लक्ष्मीनाथ बेझबरुआंच्या नाटकावरची. आवाजाचं मुद्रण फसलं, तेव्हा बायका-पुरुष सगळ्यांचे संवाद ज्योतिप्रसाद स्वतःच बोलले म्हणतात.

जयमती ही आसामवर राज्य करणाऱ्या आहोम घराण्यातली. नवऱ्याचा ठावठिकाणा सांगितला नाही म्हणून छळ सोसत मेलेली. रंगमंचावर स्त्रीभूमिका पुरुषच करत, त्या काळात ज्योतिप्रसादांनी या भूमिकेसाठी खेड्यातली मुलगी आणली: आयदेउ हँडिक.

17 जानेवारी 1951ला ज्योतिप्रसाद गेले. आसाम तो दिवस शिल्पी दिवस म्हणून पाळतो.

आणि आयदेउ? पडद्यावर परक्या पुरुषाला नवरा म्हणून हाक मारली, म्हणून गावानं तिला वाळीत टाकलं. तिचं लग्न झालंच नाही. 2002 साली ती गेली.