पट्टा आणि पट्टी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘टर्नटेबलचे ड्राइव्ह आणि वेगाची स्थिरता’. म्हणजे रेकॉर्ड वाजवणारं यंत्र आणि तिची तबकडी फिरवायच्या तऱ्हा. तो सांगणारच आहे. पण आधी मेव्हण्याची गोष्ट, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मेव्हण्यानं न्यू जर्सीहून टर्नटेबल आणलं. पट्ट्यावर चालणारं, सिंक्रोनस मोटरचं. २३० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर मी इथे घेतला. दुकानदार म्हणाला, “डोळे झाकून लावा.” लावलं. विलंबित ख्याल सुरू झाला आणि मी गारच! काय ठेहराव, काय गांभीर्य! बायकोही म्हणाली, गाणाऱ्या बाईंचा आवाज किती भारदस्त येतोय. चार दिवस आल्यागेल्याला ऐकवलं. पाचव्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. त्या पेटी वाजवतात. दोन मिनिटं ऐकलं, उठल्या, घरून पेटीच घेऊन आल्या. “अरे, या काळी पाचमध्ये गातात. इथे पांढरी पाचच्याही खाली कशा? बरं नव्हतं का त्यांना?” (हशा)

बरं नव्हतं ते मोटरला! ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही; आणि सिंक्रोनस मोटर फ्रिक्वेन्सीच्या तालावरच फिरते. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी तबकडी घेत होती जेमतेम २७.८. पेटीच्या तीन पट्ट्या, किंबहुना थोडं जास्तच, सूर उतरला. बावीस मिनिटांची बाजू सव्वीस मिनिटं चालायची. भारदस्तपणा तो हा! शेवटी भोसरीच्या एका लेथवाल्यानं १.२ पट व्यासाची पुली कातून दिली. “कशाला लागते?” म्हणाला. मी म्हटलं, “बाईंचा आवाज चढवायचाय.” त्यानं पैसे आधी घेतले.

तरी सुख नाही. नव्वदच्या दशकातल्या संध्याकाळी आठवा. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९ च्याही खाली जायची. ४९ म्हणजे दोन टक्के घट, म्हणजे साधारण ३५ सेंट; पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत शंभर सेंट. प्रमाणश्रुती, म्हणजे सुरातलं बारीक अंतर, धरा २२ सेंटची. दीड श्रुती विजेनंच खाल्ली. आणि वेग तपासायची १८० रेघांची स्ट्रोबची चकती ठेवावी (वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्यात रेघा स्थिर दिसतात), तर रेघा ठाम उभ्या! कारण तिच्यावर पडणारा दिवाही त्याच विजेवर लुकलुकतोय. चोराच्या बाजूनं चोराच्याच भावाची साक्ष.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो. ड्राइव्ह तीन तऱ्हेचे.

आयडलर: मोटरचं रबरी चाक तबकडीखालच्या थाळीची कड आतून ढकलतं. उदाहरणार्थ गॅरार्ड ३०१ टर्नटेबल, १९५४. जोर दांडगा, पण मोटरची घरघर थेट थाळीत. आणि चाक टेकवून ठेवून मशीन महिनाभर बंद ठेवलं की रबर एका जागी चपटं होतं, मग ठक-ठक.

पट्टा: १९६१ चं एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीचं टर्नटेबल, एडगर विल्चरचं. थरथर रबरात जिरते, जड थाळी वेग सांभाळते. पण रबर ते रबर, सैल पडतं. पट्टा घसरला की पट्टी गेली.

डायरेक्ट: थाळी मोटरच्याच दांड्यावर. टेक्निक्स एसपी-१०, १९७०. एसएल-१२०० एमके२, १९७९, वेगाला क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यांचा लगाम, वेगाची थरथर ०.०२५ टक्के. मोटर हिसके देते अशी तक्रार होती. मला कधी ऐकू आली नाही. वीज कशीही नाचो, ही नाचत नाही. माझं मत तिला.

आता खरं म्हणायचं ते. तुम्ही ड्राइव्हवरून भांडता, आणि तबकडीचं भोक अर्धा मिलीमीटर बाजूला असतं! मधल्या खाचांत त्यानं वेग अर्धा टक्का वर, अर्धा खाली होतो. क्वार्ट्झ काय करणार? नाकामिचीनं १९८१ मध्ये टीएक्स-१००० काढलं, ते आधी तबकडीचा मध्य शोधायचं आणि तिला सरकवायचं. ख्यालातल्या मींडेत हा दोष लपतो, तंबोऱ्यात नाही. लावतोच. ऐका... दर १.८ सेकंदांनी एक झोका. ऐकू येतोय? पुन्हा...

अहो, टर्नटेबलचा प्लग कुणी काढला? नको, राहू द्या आता, थाळी जड आहे. ऐका: काळी पाच... पांढरी सहा... काळी चार... आल्या काकू!