म्हातारीने आंघोळ केली का?

नमस्कार मंडळी. इथे परदेशात 'मुलांचं मराठी वाचन' या विषयावर बोलायला मला उभं केलंय. माणूस चुकलाय. गेल्या मंगळवारपासून आमच्या घरी वाचन बंद आहे.

आम्ही 'श्यामची आई' वाचतोय. म्हणजे मी वाचतो आणि नऊ वर्षांची लेक ऐकते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला हे लिहायला घेतलं आणि १३ तारखेला हातावेगळं केलं. आम्ही शाळा सुरू झाल्यापासून वाचतोय आणि ४२ पैकी पंचविसाव्या रात्रीवर आहोत. निम्म्या रात्री माझ्या रडण्यात गेल्या. आता लेक पुस्तकाबरोबर पाण्याचा पेलाही उशाशी आणून ठेवते.

थोडी लबाडीही केली. श्याम पोहायला नको म्हणून लपतो आणि आई त्याला झोडपते, ते मी तीन ओळींत उरकलं. उद्या हिने वर्गात सांगितलं तर? हसू नका, तुम्हीही तेच केलं असतंत. लेक मराठी अडखळत वाचते, पण पानं मोजता येतात तिला. "बाबा, तू मधलं खाल्लंस."

मंगळवारी आलं 'देवाला सारी प्रिय'. ती मोळीवाली म्हातारी. अस्पृश्य मानलेली, हात कोण लावणार? आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. या वेळी काही गाळायचं नाही असं ठरवून मी सगळं वाचलं. लेकीने विचारलं, "आंघोळ का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "लाकडं धुळीची असतात ना."

ती जरा गप्प राहिली. "मग म्हातारीनेही केली का आंघोळ? मोळी तर तिच्या डोक्यावर होती."

मी दिवा मालवला. बाहेर बायको ऐकत होती. "गुरुजींनी लिहून ठेवलंय, तुला नुसतं वाचायचं होतं." मी म्हटलं, अगं, लहान आहे ती. "आणि श्याम केवढा होता?"

त्यावर आमचं बरंच वाजलं.

गुरुजींनी आईचा मोठेपणा लिहिला आणि ती आंघोळही लिहिली. स्वतःच्या आईची असून लपवली नाही. हाच श्याम १९४७ च्या मे महिन्यात, विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसला. माझ्या लेकीला हे कसं कळणार? मध्ये मी धूळ टाकून ठेवलीय.

आपण म्हणतो, ते जातीपातीचं सगळं आपण तिकडे भारतातच ठेवून आलो. आणि मेळाव्यात नवं जोडपं दिसलं की पहिला चहा संपायच्या आत आडनाव, मग गाव, मग "म्हणजे तुम्ही…?" मीही विचारतो. एकाच जोडप्याला दोनदा विचारलंय. बक्षीस समारंभात मात्र हेच पुस्तक चकचकीत कागदात गुंडाळून देतो. आमच्याकडे तीन प्रती जमल्यात, त्यातल्या दोन प्रतींचा कागद अजून निघालेला नाही.

काल रात्री लेकीच्या खोलीत डोकावलो. ती बोट ठेवून एकेक अक्षर लावत होती. पंचविसावी रात्र नव्हती ती. मागचं, पोहण्याचं प्रकरण होतं. मला पाहून तिने पुस्तक मिटलं. विचारलं काहीच नाही.