दुपारी बागेचं फाटक उघडं हवं

नमस्कार श्रोतेहो.

मार्च 2020 मध्ये ऑफिसं बंद झाली आणि काम घरी आलं. ते घर केवढं आहे, हे फारसं कुणी विचारलं नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतली जुनी खोली 160 चौरस फुटांची. तेवढ्यात सासू-सासरे, दोन मुलं, स्वयंपाक, टीव्ही आणि त्यातच सुनेची ऑफिसची मीटिंग. आज पाच-सहा वर्षांनीही कितीतरी जणांचं काम पूर्ण किंवा अर्धं घरूनच चालतं. टेबल टाकायला जागा नसलेल्या घरातला माणूस मग लॅपटॉप घेऊन जिन्यात बसतो, गच्चीवर जातो, नाहीतर जवळची बाग गाठतो.

या बागेत बसणाऱ्यांबद्दल आज मला बोलायचं आहे, कारण त्यांच्यातलीच मी एक आहे. मी हिशेबाचं काम करते, लहान दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. आमच्या बागेत एक मुलगी येते. घरून लाकडी पाट आणते, तो मांडीवर ठेवते आणि त्यावर लॅपटॉप. लॅपटॉप खालून तापतो, पाटामुळे मांडीला चटका बसत नाही. फोनवरून इंटरनेट घ्यायचं असतं, तो फोन ती पिशवीच्या सावलीत ठेवते आणि वर ओला रुमाल टाकते, कारण उन्हात फोन तापला की नेट मंदावतं. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

मुंबईला ही गोष्ट नवी नाही. वरळीतच सुदाम काळू अहिरे मार्गावर अभ्यास गल्ली आहे. आसपासच्या चाळींमधली मुलं वर्षानुवर्षं तिथल्या दिव्याखाली बसून अभ्यास करत आली. घरात जागा नव्हती, म्हणून रस्त्याने जागा दिली. त्या मुलांकडे सगळे कौतुकाने बघतात. तेच मूल पुढे नोकरीला लागतं, त्याच कारणासाठी दुपारी बागेत लॅपटॉप उघडून बसतं, तेव्हा मात्र वॉचमन येऊन उठवतो. "बंद करायची वेळ झाली, निघा." मलाही असं उठवलं गेलंय, महिनाअखेरीच्या ऐन घाईत. वॉचमनचा त्यात दोष नाही, त्याला फाटकावरच्या पाटीप्रमाणे वागावं लागतं.

माझं म्हणणं त्या पाटीबद्दलच आहे. आपल्याकडे बागेचं वेळापत्रक सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी आणि संध्याकाळी मुलांना खेळायला आणणाऱ्यांसाठी आखलेलं असतं. पुण्यात महापालिकेच्या बऱ्याच बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात, त्या दुपारी चारनंतरच उघडतात. म्हणजे कामाचे ऐन तास, ज्या तासांत झाडाच्या सावलीची सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच कुलूप. साफसफाई, पाणी घालणं हे करावं लागतं, मान्य. पण ते बागेचा एकेक कोपरा बंद ठेवूनही होतं. बंगळूरच्या पालिकेने 2024 मध्ये आपल्या बागा पहाटे 5 ते रात्री 10 सलग उघड्या ठेवायचं ठरवलं. तिथे ठरवता येतं, तर आपल्याकडेही येईल.

आता एक दूरचं उदाहरण. न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागे ब्रायंट पार्क आहे. 1970 च्या दशकात तिथे अमली पदार्थांचा धंदा चाले, साधी माणसं आत पाऊल टाकायला घाबरत. विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने लोक सार्वजनिक जागेत नेमके कुठे आणि कसे बसतात, याची बारकाईने पाहणी केली होती. त्याने सांगितलं, उंच कुंपणं काढा, वाटा मोकळ्या करा, आतलं बाहेरून दिसू द्या. 1992 मध्ये बाग नव्याने उघडली, तेव्हा तिथे हलवता येतील अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या. सावली सरकली की माणसाने खुर्ची उचलायची आणि तिच्या मागे जायचं. 2002 पासून तिथे फुकट वायफाय आहे. त्या हिरवळीच्या पोटात ग्रंथालयाचं पुस्तकांचं कोठार आहे, हे ऐकून मला तर फार आनंद झाला होता. सुट्या खुर्च्यांची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. आपले बाक सिमेंटमध्ये पक्के रोवलेले. सकाळी दहाला सावलीत असलेला बाक बाराला उन्हात येतो आणि तापलेल्या तव्यासारखा होतो.

तुमच्यापैकी कुणाला बागेत काम करून बघायचं असेल, तर थोडं अनुभवाचं सांगते. गडद रंगाचा सदरा किंवा कुर्ता घाला. पांढऱ्या कपड्याचं प्रतिबिंब पडद्यावर पडतं आणि अक्षरं दिसेनाशी होतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं घरात बरी वाटतात, बाहेर मात्र पांढऱ्यावर काळीच वाचता येतात. पाठीमागे झाडाचं खोड किंवा भिंत असावी, म्हणजे मागचा उजेड पडद्यावर येत नाही. वडा-पिंपळाखाली पक्ष्यांचा त्रास असतो, वर बघून जागा धरा. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला की बॅटरी झपाट्याने उतरते, तेव्हा चार्जिंग भरून घेऊनच निघा. बरेच लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये भर दुपारी बाहेर काम काढू नका. आणि अंगभर कपडे घाला, डेंग्यूचा डास दिवसाच चावतो.

मधूनमधून उठून एक फेरी मारा. 2008 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. त्याच माणसांना एकदा झाडीतून आणि एकदा शहरातल्या रहदारीच्या रस्त्यावरून चालायला लावलं. आकडे ऐकून ते उलट्या क्रमाने म्हणायचे, अशी चाचणी होती. झाडीतून फिरून आल्यावर त्यात सुधारणा दिसली, रस्त्यावरून आल्यावर तशी दिसली नाही. हिशेबाचे रकाने डोळ्यांपुढे नाचायला लागले की मी ही फेरी मारतेच.

बागेत इतरही माणसं असतात, त्यांचा मान राखायचा. स्पीकरवर मीटिंग ऐकू नये, इयरफोन लावावा. बॅग बाकावर पसरून दोघांची जागा अडवू नये. पाच वाजले की आजोबांचा कट्टा भरतो, त्यांची जागा त्यांना द्यावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी बायकांच्या वतीने बोलते आहे. बागेत तीन-चार तास बसायचं तर स्वच्छतागृह लागतं. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' ही चळवळ बायकांच्या या हक्कासाठी भांडते आहे. तरीही कितीतरी बागांमध्ये स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली कुणाकडे, ते माहीत नाही, अशी गत असते. मग बाई काय करते? सकाळपासून पाणीच पीत नाही. तहान मारून काम करते. उन्हाच्या दिवसांत हे तब्येतीवर येतं. मला सांगा, पुरुष सहकाऱ्याला जे बागेतलं मोकळं टेबल मिळतं, ते तिला मिळालं असं कसं म्हणायचं?

मुंबईत माणशी दोन चौरस मीटरसुद्धा मोकळी जागा वाट्याला येत नाही. जी आहे, ती भर दुपारी कुलपात ठेवणं आपल्याला परवडणारं नाही. तेव्हा आपल्या पालिकेच्या विभाग कार्यालयात उद्यान खात्याकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्जात लिहा: दुपारी फाटक उघडं हवं, स्वच्छतागृहाचं कुलूप काढलेलं हवं, पिण्याचं पाणी हवं, टेबलं हवीत. आणि दुपारी दोन वाजताही सावली असते अशी जागा तुमच्या बागेत कुठे आहे, ते स्वतः बघून, झाडाचं नाव आणि फाटकापासूनची खूण देऊन नमूद करा. टेबल तिथे लागायला हवं.

नमस्कार.