मनोरा फोर्टात, परीक्षा कलिन्यात

(दृश्य: ओव्हल मैदान, सकाळ. एकात एक मिसळलेले क्रिकेटचे सामने. कॅमेरा वर सरकत राजाबाई मनोऱ्यावर.)

ओव्हल मैदानाच्या पूर्व कडेला उभा असलेला मुंबई विद्यापीठाचा हा राजाबाई मनोरा 280 फूट उंच आहे. पायाचा दगड बसला 1 मार्च 1869 रोजी आणि काम संपलं नोव्हेंबर 1878 मध्ये. तोवर मुंबई विद्यापीठ 21 वर्षांचं झालं होतं. या 21 वर्षांत विद्यापीठाकडे शिकवायला स्वतःची एकही वर्गखोली नव्हती. लागतही नव्हती.

(दृश्य: टाउन हॉलच्या पायऱ्या, खांब.)

18 जुलै 1857. उत्तरेत उठाव पेटलेला होता आणि इकडे त्या वर्षीचा 22 वा कायदा मंजूर होऊन मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. कोलकात्याचं जानेवारीत झालं होतं, मद्रासचं सप्टेंबरात झालं. तिन्ही ठिकाणी नमुना लंडन विद्यापीठाचा. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, प्रश्नपत्रिका काढायची, उत्तरपत्रिका तपासायच्या आणि पदवी द्यायची. कारभार टाउन हॉलमधून चालायचा.

पहिली प्रवेश परीक्षा 1859 मध्ये झाली. बसले 132, पास झाले 22. बीएची पहिली तुकडी 1862 ची. तीत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक होते. परीक्षा कडक होती हे खरं. पण या मंडळींनी पुढे जे संशोधन केलं ते विद्यापीठाच्या एखाद्या विभागात बसून केलेलं नाही. असा विभागच नव्हता.

(दृश्य: दीक्षान्त सभागृह, आतून. राशीचक्राची गोल खिडकी. पुढे ग्रंथालयाचा वळणदार जिना.)

इमारतींचे नकाशे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून काढले. मुंबई त्यांनी कधीच पाहिली नाही. दीक्षान्त सभागृहासाठी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी 1 लाख रुपये दिले. सभागृह 1874 मध्ये पुरं झालं: लांबी 104 फूट, रुंदी 44, उंची 63. ही गोल खिडकी बघा, कडेने बाराही राशी आहेत.

ग्रंथालय आणि मनोऱ्याचे पैसे प्रेमचंद रायचंदांचे. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत, 1864 मध्ये, त्यांनी आधी ग्रंथालयासाठी 2 लाख आणि मग मनोऱ्यासाठी 2 लाख दिले. अट एकच, मनोऱ्याला आई राजाबाईंचं नाव. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला आणि प्रेमचंदही बुडाले, पण देणगी तोवर विद्यापीठाच्या हाती आली होती. बांधकाम लांबलं, रकमेवर व्याज चढत गेलं, आणि साडेपाच लाखांच्या घरात गेलेला खर्च त्यामुळेच पेलला.

(दृश्य: मनोऱ्यावरचे पुतळे, जवळून.)

हे पुतळे खालून कुणाला नीट दिसत नाहीत, म्हणून कॅमेरा इथे थोडा थांबतो. पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे हे पुतळे आहेत. पागोटी बघा, अंगरख्याच्या चुण्या बघा. यांचे नमुने बांधकामावर देखरेख करणारे सहायक अभियंता रावबहादूर मकुंद रामचंद्र यांनी घडवले. नकाशे लंडनचे असले तरी हे चेहरे इथल्या माणसाने पाहून घडवलेले आहेत.

(दृश्य: ग्रंथालयाचा वरचा वाचनकक्ष. रंगीत काचेतून जमिनीवर पडलेला उजेड.)

ग्रंथालय 1880 मध्ये वाचकांसाठी उघडलं. या रंगीत काचांचं आणि इमारतीचं संवर्धन 2013 ते 2015 या काळात झालं, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या निधीतून. असं काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे.

खिडकीतला प्रत्येक तुकडा शिशाच्या पट्टीत बसवलेला असतो. पट्टीच्या दोन्ही अंगांना खाचा. एका खाचेत एक काच, दुसऱ्या खाचेत शेजारची. सगळं जाळं मागच्या लोखंडी आडव्या गजांना तारेने बांधलेलं. मुंबईत पहिल्यांदा हे गजच दगा देतात. खाऱ्या हवेने लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं, आणि ज्या दगडात ते रोवलेलं असतं तो दगड तडकतो. इकडे शिसं उन्हाने सैल पडतं आणि तावदान पोट सुटल्यासारखं पुढे येतं. काच पक्की बसवणारी लांबी, म्हणजे पुट्टी, वाळून गळते. त्या फटीतून पावसाळ्यात पाणी आत शिरतं.

तावदान काढण्याआधी त्याचा फोटो घेतात, प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात. मग वर कागद ठेवून मेणखडू घासतात आणि शिशाच्या रेषांचा ठसा उतरवून घेतात. पुढे जुळणी करताना हाच ठसा प्रमाण. काच साध्या, क्षारमुक्त पाण्याने आणि मऊ कुंचल्याने धुतात. आम्ल चालत नाही, कारण चेहरे, पानं, कपड्यांच्या घड्या काचेवर रंगवून भट्टीत भाजलेल्या असतात. भाजणी कच्ची राहिली असेल तर आम्लाबरोबर चेहराच निघून जातो. आणि गेलेलं चित्र पुन्हा रंगवलं तरी ते मूळ राहत नाही. चिरलेले तुकडे इपॉक्सीने सांधतात, फार झिजलेलं शिसं बदलतात, सांधे सोल्डरने जोडतात, पट्टीच्या कडेखाली लांबी दाबून भरतात आणि वर खडूची पूड टाकून जादा तेल शोषून घेतात. तावदान परत बसवताना गज न गंजणाऱ्या धातूचे घालतात. या शेवटच्या गोष्टीत कसर केली, तर वरचं सगळं काम पुन्हा करावं लागतं.

(दृश्य: घड्याळाची खोली, दातेरी चाकं. आवाज तसाच ठेवावा.)

घड्याळ लुंड अँड ब्लॉकली या कंपनीचं. चार दिशांना चार तबकड्या. मनोऱ्याच्या अशा घड्याळात चारही तबकड्या एकच यंत्र चालवतं. दांडे आणि तिरक्या दातांची चाकं त्याची गती काट्यांपर्यंत नेतात. म्हणून एका तबकडीचा काटा वाऱ्याने किंवा गंजाने अडला, तर ताण चारही बाजूंना जाणवतो. तेलात धूळ बसून त्याचा चिकट थर झाला की लंबकाला मिळणारा झोका कमी पडतो आणि घड्याळ मागे पडू लागतं. वर 16 घंटा आहेत. एके काळी त्यांवर 16 धुना वाजायच्या, त्यांत इंग्रजांचं राजगीतही होतं.

(दृश्य: जुना लांब व्हरांडा, विभागांच्या पाट्या, कपाटांतले बांधीव प्रबंध.)

विद्यापीठाने शिकवावं, संशोधन करावं, अशी मोकळीक 1904 च्या कायद्याने दिली. मुंबईत प्रत्यक्ष काम सुरू व्हायला 1919 उजाडलं. त्या वर्षी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. दोन वर्षांनी अर्थशास्त्र विभाग निघाला. गेडिस यांच्यानंतर, 1924 पासून, समाजशास्त्र विभाग गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आला. मालवणात जन्मलेला, संस्कृतात एमए केलेला, केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन परतलेला हा माणूस. त्यांच्या हाताखालून इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अक्षयकुमार देसाई ही माणसं तयार झाली. भारतात समाजशास्त्र म्हणून जे शिकवलं जातं, त्याचा मोठा भाग या एका व्हरांड्यातून निघालेला आहे, आणि हे विद्यापीठाने स्वतः पुरेसं सांगितलेलं नाही. शेजारच्या अर्थशास्त्र विभागात चंदुलाल वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अवजड उद्योगांवरच्या भराला उत्तर म्हणून वेतनवस्तूंचा, म्हणजे धान्य-कापडासारख्या रोजच्या गरजेच्या वस्तूंचा, विचार मांडला.

मराठीची गोष्टही याच कपाटांत आहे. 1860 च्या दशकात देशी भाषा वरच्या परीक्षांतून काढल्या गेल्या होत्या. रानडे पुढे अनेक वर्षं त्यासाठी झगडले, तेव्हा कुठे 1901 मध्ये एमएला मराठी आली.

(दृश्य: माटुंगा, प्रयोगशाळांची इमारत, बाहेरून.)

1 ऑक्टोबर 1933 रोजी विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. जुने लोक अजूनही त्याला यूडीसीटीच म्हणतात. कापडगिरण्यांना रंग आणि रसायनांचे जाणकार हवे होते, ते इथून मिळाले. इथले एम. एम. शर्मा 1990 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 2008 मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ती मुंबई विद्यापीठाच्या खात्यातून गेली.

विद्यापीठाच्या कक्षेतले बाकीचे प्रदेश आधीच सुटत गेले होते. सिंध 1947 मध्ये, पुणे, गुजरात आणि धारवाड 1949 च्या आसपास. मुक्तीनंतर निघालेली गोव्यातली कॉलेजं मात्र 1985 मध्ये गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबईचीच होती.

(दृश्य: कलिना, विद्यानगरी. परीक्षा भवन. गठ्ठे उतरवणारा टेम्पो, स्कॅनर, पडद्यावरची उत्तरपत्रिका.)

आता कलिना, विद्यापीठाचा दुसरा परिसर. 243 एकर. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्हे आणि 900 च्या आसपास कॉलेजं यांच्या परीक्षांचा भार इथे येऊन पडतो.

पडद्यावरची तपासणी अशी चालते. उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, त्यामुळे परीक्षकाला आसन क्रमांक दिसत नाही. गठ्ठा आला की पुरवण्या मोजतात. मग शिलाई कापून पानं सुटी करतात, स्कॅनर दोन्ही बाजूंचं चित्र घेतो, आणि ते चित्र विषयाच्या सांकेतांकाखाली सर्व्हरवर जातं. कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर, बसलेला परीक्षक लॉगिन करून प्रश्नागणिक गुण भरतो. बेरीज संगणक करतो, बेरजेच्या चुका उरत नाहीत, आणि पेपर रत्नागिरीचा असला तरी तपासायला ठाण्याचा शिक्षक चालतो. पद्धत म्हणून ही चांगलीच आहे.

ती बिघडते ती पहिल्या तीन पायऱ्यांवर. पुरवणीवरचा बारकोड मुख्य उत्तरपत्रिकेशी जोडला गेला नाही, तर पुरवणी सर्व्हरवर अनाथ पडते आणि विद्यार्थ्याचे अर्धे प्रश्न परीक्षकाला कोरे दिसतात. दोन पानं एकदम आत ओढली गेली, तर एक पान स्कॅन होतच नाही. सांकेतांक चुकला, की अर्थशास्त्राचा पेपर वाणिज्याच्या शिक्षकापुढे उघडतो. म्हणून स्कॅनिंगनंतर पानांची संख्या ताडून पाहणारा माणूस लागतो, आणि घाईत पहिल्यांदा काढला जातो तो हाच माणूस.

2017 मध्ये उन्हाळी परीक्षा चालू असतानाच ही पद्धत एकदम सगळ्या विद्याशाखांना लावली. 477 परीक्षा, 17 लाखांच्या वर उत्तरपत्रिका. कायदा 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल लावायला सांगतो. निकाल सप्टेंबरापर्यंत लांबले, बाहेरगावी प्रवेश मिळालेल्यांच्या जागा हुकल्या, आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं.

(दृश्य: विभागातली रिकामी प्राध्यापकांची खोली. टेबल, पाटी.)

2021 मध्ये उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकने विद्यापीठाला 3.65 गुण आणि ए++ श्रेणी दिली. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत मात्र विद्यापीठांच्या यादीत 2022 मध्ये 45 वा, 2023 मध्ये 56 वा आणि 2024 मध्ये 61 वा क्रमांक आला. दोन्ही आकडे खरे आहेत, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. एनआयआरएफमध्ये 100 पैकी 30 गुण अध्यापनाच्या साधनांना आहेत, त्यांत विद्यार्थ्यांमागे कायम शिक्षक किती हे बघतात. आणखी 30 गुण संशोधनाला आहेत. त्यासाठी शोधनिबंध मोजतात ते आंतरराष्ट्रीय सूचींतून, जिथे मराठीतलं लिखाण जवळपास शिरतच नाही. शिवाय हिशेब फक्त विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांचा होतो. 900 कॉलेजांच्या परीक्षा घेतल्याबद्दल एकही गुण नाही.

आता ही खोली. प्राध्यापक निवृत्त झाला की जागा आपोआप भरत नाही. आधी शासनाच्या वित्त विभागाची मान्यता. मग बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षणाची याचा तक्ता, तयार करून मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची. मग जाहिरात, अर्जांची छाननी, निवड समिती. बिंदुनामावलीत एक बिंदू चुकला तरी जाहिरात न्यायालयात अडकते आणि सगळं पहिल्यापासून. मधल्या काळात तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्ग घेतात, बऱ्याचदा उत्तम घेतात, पण त्यांना पीएच.डी.चे मार्गदर्शक होता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 संशोधक असू शकतात. आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील, तर नवा संशोधक घेता येत नाही. म्हणजे खोली रिकामी होण्याच्या तीन वर्षं आधीच त्या विषयात नव्या संशोधकांची भरती थांबलेली असते. जाहिरात काढायची असेल, तर ती तेव्हाच काढायला हवी.