पाकिटातली चिठ्ठी

आपत्ती व्यवस्थापकांना खेळातून शिकवायचे म्हटले की, जिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे खेळ कसला, अशी शंका हमखास येते. लष्कराने ती फार पूर्वीच निकालात काढली. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये मांडलेल्या युद्धखेळात नकाशा, ठोकळे आणि फासे होते. पण त्यातली खरी मेख अशी, की शत्रूच्या ज्या तुकड्या रणांगणावर दिसल्या असत्या तेवढ्याच नकाशावर येत आणि बाकीच्या फक्त पंचाला ठाऊक असत.

नियंत्रण कक्षातली अडचण याहून एक पायरी पुढची आहे, कारण तिथे माहिती अर्धवट तर असतेच, शिवाय ती वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली असते. सगळ्यांनी एकत्र बसून चर्चा केली की ती आपोआप जुळते, हा आपला गोड गैरसमज आहे. स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये केलेल्या प्रयोगात गटांना चर्चा करून एक उमेदवार निवडायचा होता, आणि सर्वांत लायक उमेदवाराचे गुण गटातील सदस्यांमध्ये वाटून दिले होते. चर्चा मात्र सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या मुद्द्यांभोवती फिरली आणि बहुतेक गटांनी भलत्यालाच निवडले.

आमचा खेळ याच निष्कर्षावर बेतलेला आहे. टेबलावर नदीकाठच्या एका काल्पनिक शहराचा नकाशा असतो आणि पाच खेळाडूंच्या हाती बंद पाकिटे असतात. पाण्याची पातळी आणि दोन निवारा केंद्रांची क्षमता सर्वांनाच कळते. पण मोठ्या केंद्राकडे जाणाऱ्या पुलाचा भराव खचू लागल्याचे एकट्या अग्निशमन अधिकाऱ्याच्या चिठ्ठीत असते, तर रुग्णालयाचा जनरेटर तळघरात असल्याचे एकट्या आरोग्य अधिकाऱ्याच्या. लोकांना कुठे हलवायचे ते वीस मिनिटांत ठरवायचे असते, आणि तेवढ्या वेळात पंच मुद्दाम बिनकामाचे फोन लावत राहतो.

एका फेरीत सातव्या मिनिटाला अग्निशमन अधिकारी म्हणाले, "पुलाकडे जरा बघायला हवं." तेवढ्यात अध्यक्षांचा फोन वाजला. तो ठेवून त्यांनी विचारले, "मग मोठ्या केंद्राचंच ठरलं ना?" त्यावर मान डोलावणाऱ्यांत ते अधिकारीही होते, आणि चिठ्ठी त्यांच्या कोपराखाली दुमडलेली होती. १९७८ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडजवळ इंधन संपून कोसळलेल्या विमानातही सहकाऱ्यांनी इंधनाचा उल्लेख केला होता. चाकांच्या बिघाडात गुंतलेल्या कप्तानापर्यंत त्यातली निकड पोहोचली नव्हती.

वीस मिनिटांच्या खेळानंतर आम्ही तासभर आढावा घेतो. पाकिटे उघडून टेबलावर मांडली जातात, आणि कोणता मुद्दा कितव्या मिनिटाला निघाला व कुठे विरला, हे ध्वनिमुद्रण ऐकून फळ्यावर लिहिले जाते. गुण आम्ही देत नाही, कारण गुण आले की लोक पंचाच्या मनातले उत्तर शोधू लागतात. महागड्या त्रिमितीय पडद्यांबद्दलही माझे मत फारसे चांगले नाही. पडदा देखणा असला की सगळे त्याच्याकडेच पाहत बसतात.

दुसऱ्या फेरीत भूमिका बदलतात आणि दोन नियम वाढतात. अध्यक्षांनी आपले मत सर्वांत शेवटी सांगायचे, आणि निर्णयाआधी प्रत्येकाला, "फक्त तुमच्याकडेच असलेली माहिती कोणती?" असे विचारायचे. यात चारेक मिनिटे जातात आणि तेवढ्यात पाणी चढतेच. ती मिनिटे परवडतात का, यावर दुसऱ्या आढाव्यात सर्वांत जास्त वाद होतो.