पंख्यामागचा दांडा

(दृश्य: आंजर्ल्याची खाडी. जूनचा पाऊस. ताडपत्रीखाली शाकारलेल्या बोटी.)

१ जून उजाडला की कोकणातल्या यांत्रिकी बोटी किनाऱ्याला लागतात. ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस, दर्यात जाळं टाकायचं नाही. हर्णैचं बंदर उघड्या दर्याला लागून, म्हणून तिथल्या बऱ्याच बोटी पावसाळ्यात आंजर्ले, दाभोळ अशा खाड्यांच्या आसऱ्याला येतात. काही वर ओढून घेतात, काही पाण्यातच बांधून ठेवतात.

जाळी शिवली जातात, बुडाला रंग लागतो, नाळेवरचं नाव नव्यानं काढलं जातं. ही कामं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात. पण इंजिनाची सगळी ताकद ज्याच्यातून बोट ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत पोचते तो दांडा कुणाला दिसत नाही. तो बोटीच्या पोटात, मागच्या अंधारात असतो. तो शाफ्ट. आणि तो बाहेर पडतो ते पाण्याखाली असलेल्या भोकातून.

(दृश्य: इंजिनमागची अरुंद जागा. विजेरीचा उजेड. पितळी ग्लँड.)

शाफ्ट मोकळा फिरला पाहिजे आणि दर्या मात्र आत येता कामा नये. हे अवघड काम करते एक साधी दोरी. मेण किंवा ग्रेफाइट मुरवलेली, चौकोनी विणीची. तिच्या कड्या शाफ्टभोवती बसवून वरून ग्लँड, म्हणजे दोरी दाबून धरणारी पितळी टोपी, आवळतात.

फिटर पोटावर झोपून वाकड्या आकड्यानं जुनी दोरी उकरतोय. पहिली कडी सहज निघाली. दुसरी तुकड्या-तुकड्यानं. शेवटची दगडासारखी झालेली, बोटांत चुरली की काळी भुकटी. घाईत अनेक जण जुन्यावरच एक नवी कडी सारतात. तसं करू नये. आतली कडक दोरी शाफ्टला घासतच राहते, आणि वरून कितीही आवळलं तरी पाणी थांबत नाही.

नवी दोरी शाफ्टभोवतीच गुंडाळून मापायची, तिरकी कापायची. एका कडीचा सांधा वर आला तर पुढच्या कडीचा बाजूला घ्यायचा. सगळे सांधे एका रेषेत आले की पाण्याला सरळ वाट मिळते.

मालकाच्या हातात पाना आहे.

"नाखवा, आता आवळू नका," फिटर आतूनच सांगतो. "हातानं लागेल तेवढंच. बाकी पाण्यात गेल्यावर बघू."

त्याचं बरोबर आहे. चालू शाफ्टवर ग्लँडमधून मिनिटाला दोन-चार थेंब पडलेच पाहिजेत. त्या पाण्यानंच दोरी थंड राहते. थेंबाची भीती वाटून करकचून आवळलं की दोरी जळते, शाफ्ट तापतो आणि त्याच्यावर खोबण पडते. एकदा खोबण पडली की कुठलीच दोरी धड बसत नाही.

(दृश्य: बोटीबाहेर. पंखा, चिकटलेली कालवं.)

बाहेर, पंख्याच्या मुळाशी, नायलॉनचं कडं दिसतं. कुणीतरी दर्यात सोडून दिलेलं जाळं पंख्यात गुरफटलं, फिरता फिरता वितळलं आणि घट्ट बसलं. सुरीनं तासून काढावं लागतं. त्याच्याआड रबरी बुश, शाफ्ट ज्याच्या आधारानं फिरतो ती नळी. त्याच्या खाचांतून जाणारं पाणीच त्याचं वंगण. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला, भरती-ओहोटीला तीच रेती त्या खाचांत शिरते. पंखा हातानं वर उचलून पाहा. शाफ्ट बुशात खडखडला तर बुश बदला.

आता कानाची परीक्षा. पात्याला हलकेच हातोडी मारली की धडधाकट पंखा घंटेसारखा वाजतो. आवाज बद्द आला आणि घासलेल्या जागी धातू गुलाबीसर दिसला, तर मिश्रधातूतलं जस्त खाऱ्या पाण्यानं खाल्लेलं असतं. हा खुराक पंख्याऐवजी दर्यानं जस्ताच्या गट्ट्यांचा घ्यावा, म्हणूनच ते बुडाला बसवतात. अर्धे झिजले की बदलायचे. त्यांच्यावर रंगाचा एकही फटकारा नको, रंग लावला की त्यांचं काम बंद.

पाण्यात बांधलेल्या बोटींची मला जास्त काळजी वाटते. स्टेनलेसचा शाफ्ट वाहत्या पाण्यात टिकतो. ग्लँडमध्ये साचलेल्या, हवा न मिळालेल्या पाण्यात मात्र त्याला बारीक खड्डे पडतात. महिनाभर न फिरलेला शाफ्ट वरून लखलखतो आणि दोरीखाली पोखरलेला निघतो. अशा बोटींवर अधूनमधून जाऊन शाफ्ट हातानं फिरवावा. पाच मिनिटांचं काम.

(दृश्य: लेथ. फिरणारा शाफ्ट, डायल गेजचा काटा.)

शाफ्ट वाकलाय का, हे डोळ्यांनी कळत नाही. तो बाहेर काढून लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, फिरवावा लागतो; वाकडा असेल तर डायल गेजचा काटा हलतो. म्हणून माझं सगळ्या बोटमालकांना कळकळीचं सांगणं आहे, शाफ्ट जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडा. जुलैअखेर लेथवर रांग लागते. मग "या खेपेला चालवून घेऊ" म्हणत वाकडा शाफ्ट पुन्हा आत जातो. आणि त्याच बोटीवर खलाशी किनारा दिसेनासा होईल इतके आत जातात.

(दृश्य: भरती. बोट पाण्यात.)

एक काम जमिनीवर होतच नाही. ओंडक्यांवर टेकलेली लाकडी बोट आणि तरंगणारी बोट यांचा आकार एक नसतो. जमिनीवर जुळवलेला शाफ्ट पाण्यात गेला की इंजिनाशी तिरका होतो. म्हणून बोट उतरवून एक-दोन दिवस लाकूड पाणी पिऊ द्यायचं, मग कपलिंगचे, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्यांचे, बोल्ट सैल करून त्या चकत्यांमध्ये फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालायची. वर, खाली, दोन्ही बाजूंना. चार इंची चकतीला फरक एका इंचाच्या हजाराव्या भागाच्या चौपटीहून जास्त नको. जास्त निघाला की इंजिनाखाली पातळ पत्रे सारायचे आणि पुन्हा मापायचं.

फिटर चौथ्यांदा मापतोय. मग बोल्ट आवळतो, वर बघून मान हलवतो. इंजिन सुरू होतं. तो ग्लँडखाली तळहात धरतो.

थेंब पडला. थोड्या वेळानं दुसरा.